फांदी कापावी कुठे आणि कशी?

आमच्या सोसायटीतल्या विलायती शिरिषाची छाटणी झाली त्याला आता सात वर्षं होतील. पावसाळ्याआधी सगळीकडे होते तशीच ती झाली. टेम्पोतून चार माणसं आली. एक जण अनवाणी वर चढला, कमरेला दोर, हातात कुऱ्हाड. पार्किंगवर आलेली मांडीएवढी जाड फांदी त्यानं वरून तोडायला घेतली. अर्धीअधिक तुटल्यावर ती स्वतःच्या वजनानं कडाडली आणि खाली येताना खोडाची हातभर साल सोलून घेऊन आली. उरलेला खुंट त्यानं खोडाला अगदी चिकटून साफ केला. खाली उतरल्यावर घाम पुसत मला म्हणाला, "ताई, बघा, कसं गुळगुळीत केलंय."

त्यानं मनापासून काम केलं होतं. पण तीन वर्षांत त्या गुळगुळीत जागेवर ढोली झाली, चौथ्या पावसाळ्यात तिथे अळंबी उगवली आणि त्याच जागेच्या वरची दुसरी फांदी एका रात्री खाली आली. सुदैवानं खाली कुणी नव्हतं. त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागले. झाडांवर चढून काम करणाऱ्या प्रशिक्षित लोकांना भेटले, त्यांचं काम खाली उभं राहून तासन् तास पाहिलं. ब्रिटन-अमेरिकेत हा रीतसर शिकून करायचा व्यवसाय आहे. तिथले नियम वाचले, तेव्हा कळलं की आमच्या झाडाचं काय चुकलं ते एका वाक्यात सांगता येतं: फांदी चार बोटं चुकीच्या जागी कापली.

त्या चार बोटांचं महत्त्व कळायला आधी हे पटावं लागतं की झाडाची जखम भरून येत नाही.

आपल्याला खरचटलं तर त्याच जागी नवी कातडी येते. झाडाचं तसं नाही. एकदा जखमी झालेलं लाकूड पुन्हा कधीच बरं होत नाही. झाड एवढंच करतं की त्या भागाच्या भोवती भिंती घालतं, बुरशी आत सरकू नये म्हणून रसवाहिन्या बुजवतं आणि कडेनं नवं लाकूड वाढवत जखमेवर हळूहळू झाकण घालतं. आतलं लाकूड मात्र आहे तसंच राहतं. हे पक्कं दाखवून दिलं ते अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी. चेनसॉ, म्हणजे यंत्रानं फिरणाऱ्या साखळीची करवत, हलकी झाल्यावर त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आत कूज कुठून कुठे जाते ते पाहिलं आणि १९७७ मध्ये या भिंतींची मांडणी प्रसिद्ध केली. त्यात चार भिंती आहेत. सगळ्यांत कमकुवत असते ती वर-खाली अडवणारी, कारण झाडाच्या नळ्या उभ्याच असतात आणि कूज त्यांतून जिन्यासारखी वर-खाली जाते. सगळ्यांत मजबूत असते ती जखमेनंतर वाढलेल्या नव्या लाकडाची.

आता फांदी खोडाला जिथे मिळते तिथे नीट बघा. बहुतेक झाडांत तिथे एक फुगीर कडं दिसतं, मनगटावर बांगडी रुतल्यासारखं. ते कडं खोडाचं असतं, फांदीचं नव्हे. फांदी मेली किंवा तुटली की कूज खोडात शिरू नये म्हणून झाडानं आधीपासून केलेली तयारी त्या कड्याच्या आत असते. फांदी कड्याच्या बाहेरून कापली तर ही तयारी शाबूत राहते. खोडाला चिकटून कापली तर कडंच उडतं, जखम खोडाची होते आणि आकारानंही मोठी होते. उलट फूटभर खुंट ठेवला तर तो मरतो, वाळतो, आणि कूज त्याच्यातून वाट काढत आत येते. आमच्या माणसानं जे गुळगुळीत केलं होतं, ते हे कडं होतं.

मग त्यावर रंग, डांबर, सिमेंट? इथे एक खुलासा करते, कारण कोकणात आंब्याच्या जुन्या बागा छाटल्यावर कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावतात आणि ती लावायचा सल्ला कृषी खातंही देतं. ती बागेतली गोष्ट आहे, तिथे एका ठराविक पिकाच्या ठराविक रोगांशी लढाई असते. रस्त्याकडेच्या झाडाच्या मोठ्या जखमेवर रंग किंवा डांबर फासल्यानं कूज थांबत नाही. उलट आत ओल धरून राहते. ढोलीत सिमेंट भरणं हा तर शंभर वर्षांपूर्वीचा उपाय. इंग्लंडमधून अमेरिकेत ओहायोला जाऊन स्थायिक झालेल्या जॉन डेव्ही यांच्या काळात दाताच्या डॉक्टरासारखं ढोली कोरून साफ करायची आणि भरायची अशी पद्धत होती. 'झाडांची शस्त्रक्रिया' हे नाव त्याच दिवसांत रुळलं. पुढे कळलं की कोरताना झाडानं घातलेली भिंतच फुटते आणि वाऱ्यात डोलणाऱ्या खोडात न डोलणारं सिमेंट घासत राहतं. नाव उरलं, पद्धत मोडीत निघाली.

जाड फांदी एका कापात कधीच काढत नाहीत. पहिला काप खोडापासून हातभर लांब, फांदीच्या खालच्या बाजूनं, पाव ते तिसरा हिस्सा आत. दुसरा त्याच्या जरा बाहेरच्या बाजूला, वरून. फांदी मोडते, साल सोलत येते, पण खालच्या कापापाशी येऊन थांबते. आता वजन गेलेलं असतं आणि हातात फक्त खुंट असतो. तिसरा काप सावकाश, कड्याच्या लगत बाहेरून. आमच्या झाडाची हातभर साल वाचवायला खालून एक काप पुरला असता, दोन मिनिटांचं काम.

कापायचं किती, हेही ठरलेलं असतं. पानं हे झाडाचं स्वयंपाकघर. मोठ्या झाडाच्या एकूण पानांपैकी पाव हिश्श्याहून जास्त एका वेळी काढू नये, म्हाताऱ्या झाडाची त्याहूनही कमी. आपल्याकडे 'पावसात पडू नये म्हणून' शेंडा उडवून झाडाचा खांब करतात, त्यानं तात्पुरतं बरं वाटतं. उपाशी पडलेलं झाड साठवलेलं सगळं खर्चून धुमारे फेकतं. हे धुमारे सालीलगतच्या कळ्यांतून फुटतात, लाकडात त्यांची मुळं नसतात. चार-पाच वर्षांत ते जाड होतात आणि कुजत चाललेल्या टोकावरून वाऱ्यात सुटून येतात. म्हणजे धोका कमी करायला केलेल्या छाटणीनंच पुढचा धोका पेरलेला असतो.

वडाबद्दल तर मला तळमळीनं सांगावंसं वाटतं. वाहनांना लागतात म्हणून लोंबत्या पारंब्या दरवर्षी कापून टाकतात. पारंबी जमिनीत पोचली की ती खांब होते, आणि आडव्या पसरलेल्या फांद्यांना तोच आधार असतो. पारंब्या कापत राहायचं आणि फांदी लांबच लांब वाढू द्यायची, मग एक दिवस ती मोडली की 'झाड धोकादायक' म्हणायचं, हा झाडावर अन्याय आहे. जिथे जागा आहे तिथे कोवळी पारंबी बांबूच्या पोकळ नळीतून खाली उतरवता येते. वाटेवरची असेल तर काढावी लागेल, पण मग फांदीचंही वजन टोकाकडून हलकं करायला हवं.

तर काप कुठे करायचा ते ठरलं. पण ती जागा चाळीस फुटांवर आहे, तिथे पाय टेकायला नीट फांदी नाही आणि कड्याच्या बाहेरून सावकाश कापायचं तर दोन्ही हात मोकळे हवेत. या व्यवसायातलं बहुतेक सामान या एका अडचणीतून जन्माला आलं आहे. ज्याचा एक हात झाडाला मिठी मारण्यात गुंतलाय तो जिथे हात पोचेल तिथेच कापणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

चढणारा आधी जमिनीवरून एक बारीक दोरी वर फेकतो. टोकाला शिसं किंवा छर्रे भरलेली छोटी पिशवी असते. उंच झाड असेल तर मोठ्या गलोलीनं मारतात. ती पक्क्या बेचक्यातून खाली आली की तिला बांधून खरा दोर वर ओढायचा. मग दोन माणसांनी त्या दोराला लोंबकळून बेचकं वजन घेतंय का ते पाहायचं. चढणाऱ्याचा दोर अकरा ते तेरा मिलिमीटर जाडीचा असतो आणि अमेरिकी नियमानुसार तो निदान २४ किलोन्यूटनपर्यंत तुटता कामा नये, म्हणजे जवळपास अडीच टन. ऐंशी किलोच्या माणसाला एवढं कशाला, असा प्रश्न मीही विचारला होता. गाठ मारली की दोराची ताकद घटते, खरखरीत सालीवर घासून घटते, उन्हानं घटते आणि घसरलेल्या माणसाचा हिसका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. ही सगळी वजाबाकी करूनही माणूस वाचला पाहिजे.

दोरावर चढण्याची किल्ली म्हणजे एक गाठ. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये ती लोकांपुढे आणली. जाड दोराभोवती बारीक दोराचे वेढे असे घालायचे की अंगाचं वजन पडलं की ते आवळतात आणि वजन काढून हातानं दाबलं की सरकतात. सह्याद्रीत कडे चढणाऱ्या मुलांना ती पाठ असते. आज तिच्या सुधारलेल्या गाठी आणि धातूची यंत्रंही आलीत, पण तत्त्व तेच. कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा, म्हणजे हार्नेस, या गाठीला जोडलेला असतो. माणूस खुर्चीत बसल्यासारखा हवेत बसतो, आडव्या फांदीवर पाय टेकवत टोकापर्यंत चालत जातो आणि हात सोडून काम करतो.

कापायला घेण्याआधी तो आणखी एक आखूड दोर कशाभोवती तरी टाकतो. करवत हातात असताना दोन ठिकाणी बांधलेलं असणं हा नियम आहे, कारण करवतीचा एक चुकार फटका स्वतःचाच दोर कापू शकतो. त्यासाठी हा दुसरा दोर पुष्कळदा आतून पोलादी तारेचा असतो. आणि बुटांना लावायचे लोखंडी काटे? ते फक्त जे झाड पूर्ण काढायचंय त्याच्यावर. जगवायच्या झाडावर काट्यानं चढणं म्हणजे प्रत्येक पावलाला एक जखम.

माडावर चढणारे आपले पाडेली पायांत दोराचं कडं अडकवून सरसर वर जातात, त्यांचं अंगचं कसब बघून थक्क व्हायला होतं. नारळ विकास मंडळानं २०११ पासून केरळात तरुणांना यंत्राच्या मदतीनं माडावर चढायचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, ती याच कसबाला सुरक्षित करायला. कसब आपल्याकडे नाही असं कुणी म्हणू नये. त्या कसबाला दोर, पट्टा आणि थोडं शास्त्र मिळालं पाहिजे.

चेनसॉबद्दल मात्र मी हातचं राखून सांगणार नाही. ही करवत स्वस्त झालीय, ऑनलाइन मिळते, आणि चप्पल घातलेल्या माणसाच्या हातात ती पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो. तिची साखळी सेकंदाला वीस मीटर किंवा त्याहून वेगानं फिरते. पातीच्या टोकाचा वरचा कोपरा कशाला लागला तर साखळी अडते आणि सगळं यंत्र उसळून कापणाऱ्याच्या तोंडाकडे येतं. डोळ्याची पापणी लवायच्या आत. म्हणून पुढच्या मुठीसमोर साखळी थांबवणारा ब्रेक असतो, म्हणून अंगठा मुठीखालून वळवून दोन्ही हातांनी धरायचं आणि म्हणून खांद्याच्या वर नेऊन कधी कापायचं नाही. वर चढून वापरायची एका हातात मावणारी छोटी चेनसॉ असते. ती एका हातानं चालवता येते म्हणूनच जास्त धोक्याची, आणि प्रशिक्षण न घेतलेल्यानं तिला हात लावू नये.

तिच्यासाठीची पॅंट बघण्यासारखी असते. बाहेरून साधी दिसते, आत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी कापडात शिरली की ते धागे ओढले जाऊन चाकाभोवती गुंडाळतात आणि साखळी जाम होते. पहिल्या श्रेणीची पॅंट सेकंदाला २० मीटर वेगापर्यंत तपासलेली असते, दुसरीची २४, तिसरीची २८. एकदा कापली गेली की ती फेकायची, शिवून वापरायची नाही. आपल्या मे महिन्यात अशी पॅंट घालून झाडावर चार तास काढणं सोपं नाही, हे मला मान्य आहे. मी पाहिलेली तुकडी सकाळी सहाला सुरू करायची आणि अकराला करवती बंद करायची. उकाड्यावर हा उपाय आहे. पॅंट काढून ठेवणं हा नाही.

खालच्या माणसाचं काम लोकांना दिसत नाही, आणि तिथेच निम्मं कौशल्य असतं. ओलं लाकूड घनमीटरला ८०० ते १००० किलो भरतं. चाळीस सेंटिमीटर जाड आणि दोन मीटर लांब ओंडका म्हणजे पाव घनमीटर, दोनशे ते अडीचशे किलो. खाली छप्पर किंवा गाडी असेल तर तो सोडून देता येत नाही. मग वर मजबूत फांदीला कप्पी बांधतात, ओंडक्याला दुसरा दोर लावतात आणि खाली बुंध्याशी एका लोखंडी नळकांड्याला त्या दोराचे वेढे देऊन खालचा माणूस तो सोडत सोडत थांबवतो. एकदम थांबवला तर हिसका कित्येक पटींनी वाढतो. शिवाय एक गोष्ट हिशोबात घ्यायची राहून जाते. कप्पीवरून दोर दोन्ही बाजूंनी खाली ओढत असतो, त्यामुळे कप्पीच्या फांदीवर ओंडक्याच्या जवळपास दुप्पट भार येतो. अडीचशे किलो उतरवताना वरच्या फांदीला पाचशे किलो झेलायचे असतात, हिसका वेगळाच. चढायचा दोर आणि ओझ्याचा दोर कधी अदलाबदल करत नाहीत.

वरचा माणूस कापायच्या आधी हाक देतो. खालून उत्तर आल्याशिवाय करवत चालत नाही. 'ऐकलं असेल' हे चालत नाही, उत्तर यायलाच लागतं. आणि खाली असलेल्यांपैकी निदान एकाला वर चढून जखमीला खाली आणता आलंच पाहिजे, त्याचा पट्टा आणि दोर टेम्पोत नव्हे, झाडाखाली तयार असला पाहिजे. पट्ट्यात बेशुद्ध लटकलेल्या माणसाकडे फार मिनिटं नसतात. करवतीची जखम असेल तर त्याहून कमी. अग्निशमन दल येईपर्यंत थांबणं हे नियोजन नव्हे.

ब्रिटनमध्ये हे शिकवण्याचा क्रम मला फार शहाणपणाचा वाटला. आधी चेनसॉ उघडायची, साखळीला धार लावायची, जमिनीवर पडलेलं लाकूड कापायचं. मग ३८० मिलिमीटरपर्यंत जाडीची झाडं पाडायची: पडायच्या बाजूला खाच, मागून काप, आणि मध्ये जाडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी न कापलेली पट्टी ठेवायची. ती बिजागरीसारखी झाडाला दिशा देते. ती कापून टाकली की झाड कुणाचंच ऐकत नाही. त्यानंतर करवतीशिवाय चढणं, आणि त्याबरोबरच सोबत्याला वरून उतरवणं. दोन्ही एकत्रच शिकवतात. दोरावर लटकून चेनसॉ चालवणं सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीला बाहेरचा परीक्षक असतो. आपल्याकडे, निदान माझ्या पाहण्यात, नवा मुलगा पहिल्या दिवशी फांद्या ओढतो आणि महिन्याभरात करवत त्याच्या हातात येते.

वर चढायचं की नाही, हा निर्णयही शिकवलेला असतो. बुंध्याला लाकडी हातोडीनं ठोकून पोकळ आवाज येतो का, मुळाशी टणक, पंख्यासारखी बुरशी आहे का, खोड जिथे दुभंगतं तिथे उभी भेग आहे का, फुटपाथ किंवा गटाराच्या कामात एका बाजूची मुळं तोडलीत का, हे आधी बघायचं. शहरातलं झाड उन्मळतं ते पुष्कळदा वरच्या पसाऱ्यामुळे नव्हे, खाली काँक्रीट ओतून आणि मुळं छाटून आपण त्याचे पाय बांधलेले असतात म्हणून. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते याचसाठी. ब्रिटनमध्ये २०१२ पासून अ‍ॅश झाडांना बुरशीच्या साथीनं पोखरलंय. त्यांचं लाकूड इतकं ठिसूळ होतं की अनुभवी लोकही त्यावर चढत नाहीत, पाळणा असलेल्या यंत्रातून काम करतात. विजेची तार जवळ असेल तर वीज कंपनीकडून प्रवाह बंद करून घेतल्याशिवाय सुरुवात नाही. ओली फांदी वीज वाहून नेते. आणि घरटं, अंडी, आग्यामोहोळ वर आहे का हेही बघायचं. आपली पावसाळ्याआधीची छाटणी नेमकी कावळ्यांच्या विणीत येते, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याला घरट्यांचीही काळजी आहे.

परवानगीचं थोडक्यात सांगते. महाराष्ट्राच्या नागरी भागांत १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे आणि झाड आपल्या आवारात असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानतात. अर्ज करताना 'फांद्या कापणे' एवढंच लिहू नका. कुठल्या फांद्या, किती आणि का, ते फोटोवर खूण करून द्या. ठेकेदाराला विचारा की वर कोण चढणार, खाली त्याला उतरवणारा कोण, आणि जाड फांदी किती कापांत काढणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर दुसरा माणूस शोधा.

आमच्या शिरिषाचं पुन्हा काम झालं दोन वर्षांपूर्वी, शिकलेल्या माणसांकडून. दर सहा महिन्यांनी मी दुर्बिणीनं ते काप बघते. कडं शाबूत असलं की चारही बाजूंनी सारखं नवं लाकूड येतं, मेदूवड्यासारखं गोल. कडं उडालेलं असलं की फक्त डाव्या-उजव्या बाजूंनी येतं, वर आणि खाली उघडंच राहतं. सात वर्षांपूर्वीचा जुना काप अजून तसाच, उभ्या ओठांसारखा. नवे तीन काप आहेत. तिघांभोवतीही गोल कडी धरलीत, आणि सर्वांत लहान काप जवळजवळ मिटत आलाय.